हीट नंबर

समृद्धी पुण्याहून आली, चार दिवस.
मी एवढंच विचारलं, नुसता फोन केला तर भागत नाही का,
तोंड कशाला दिसायला पाहिजे त्यात?
ती आईकडं बघून हसली,
"आप्पा ना, अगदी बूमर आहेत."

मला वाटलं क्रेनचा बूम.
उद्यमनगरात अडतीस वर्षं काढली,
बूम म्हटलं की मान आपोआप वर जाते,
डोक्यावरनं काही जड चाललंय का बघायला.

मग तिनं मास्तरणीसारखं समजावलं.
अमक्या सालापासनं तमक्या सालापर्यंत जन्मले ते सगळे एका नावाचे.
तिचा बाप दुसऱ्या नावाचा,
ती स्वतः तिसऱ्या.
"रागावू नका हं, म्हणून तर सांगते."

रागावलो नाही.
फक्त चहा बशीत ओतणार होतो,
तो कपानंच प्यालो.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर विषय काढला.
इलाही बागवान म्हणाला, बरं झालं की,
इतके दिवस नुसतं म्हातारं म्हणायची,
आता इंग्लिशमधनं म्हणत्यात.
दत्तोबा मांगोरे भडकला.
त्याला शब्द धड ऐकूच गेला नव्हता,
पण कुणीतरी आपल्याला काहीतरी म्हटलंय, एवढं त्याला पुरलं.
बाळू पोवार पाण्याकडं बघत बसला.
त्याच्या घरी त्याला काही म्हणायलाच कुणी नाही.

रात्री डोळा लागेना.
फौंड्रीत प्रत्येक कास्टिंगवर नंबर ठोकायचो मी,
कुठल्या तारखेचा, कुठल्या भट्टीचा रस.
उद्या कुठं तडकलं तर माग काढता यावा म्हणून.
पण एकाच लॅडलमधला रस,
एकाच दमात ओतलेला,
तरी एक हाऊसिंग देवळातल्या घंटेगत वाजायचं
आणि शेजारचं आतनं बुडबुड्यांनी पोखरलेलं.
दोघांच्या अंगावर नंबर तोच.
माझ्याच हातचा.
पोकळ कुठलं ते नंबर सांगायचा नाही,
हातोडी हलकी मारून
कान द्यावा लागायचा.

आणि आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे?
बेलबॉटम घालून दारात उभं राहून
वडलांना म्हणायचो, संस्थानी.
संस्थान विलीन झालं, आमचे दादा अजून व्हायचेत!
मित्र खदाखदा हसायचे.
दादा काही बोलायचे नाहीत.
पानाला चुना लावत राहायचे,
लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
ते आत्ता दिसलं मला,
पन्नास वर्षांनी, अंथरुणात.

आमच्यात साल कुणाला ठाऊक असायचं?
थोरली आत्ती प्लेगातली,
धाकटा भाऊ कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाळण्यात,
एवढ्यावर लग्नं जमली, पेन्शनी लागल्या.
सकाळी पोरीला म्हटलं,
तुझं नाव मी सांगू? तू पुरातली.
दोन हजार पाच.
दवाखान्याच्या दुसऱ्या पायरीला पाणी,
तुझी आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वर ताडपत्री,
आणि मी ताडपत्रीचं टोक धरून
सगळ्या देवांना शिव्या घालत.
"शिव्या?"
शिव्याच. नवस बोलायला सुचलं नाही.
तिनं फोन पालथा ठेवला.
"मग?"
मग काय, तू रडलीस. दुसरं काय करणार होतीस.

आज स्टँडवर सोडायला गेलो.
पुण्यात राहून जाते-येते शिकलीय,
मैत्रिणी हसतात म्हणे, पोरगी असून जातो काय म्हणतेस.
तरी गाडी हलली तशी
खिडकीतनं अर्धी बाहेर येऊन ओरडली,
"येतो हो आप्पा!"

येतो.
मी ऐकत उभा राहिलो.
हात हलवला तो उशिरा,
गाडी दाभोळकर कॉर्नरला वळल्यावर.